वांगी रंगाचा थेंब

“मला आत घ्या म्हणत न्हाई मी,” तो माणूस उपाध्येसाहेबांना सांगत होता. “हितंच बसतो. नुसतं बघतो.”

“बघण्यासारखं काही नसतं हो,” उपाध्येसाहेब म्हणाले. “गरम पाणी असतं आणि आकडे असतात.”

“मग काय, आमचं बी तेच असतंय की. गरम दूध आन् आकडे.”

साहेबांना हसू आलं. त्या माणसाच्या मागं उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला आलं नाही. नलवडे त्यांचं नाव, दूध संघाचे गुणवत्ता अधिकारी. सुटकेसएवढं एक लोखंडी खोकं त्यांनी पोटाशी धरलं होतं आणि ते कुठं ठेवायचं हे कुणी सांगत नव्हतं. मी पुढं होऊन ते घेतलं.

“हा तातोबा मगदूम,” नलवडे म्हणाले. “आमचा पाश्चरायझरवरचा ऑपरेटर. म्हणजे होता. सध्या निलंबित आहे. मी जीपनं यंत्र घेऊन निघालो, तर हा एसटीनं माझ्या आधी येऊन तुमच्या फाटकात उभा.”

“सायबांनी जीपमधी घेतलं न्हाई,” तातोबा म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमची प्रयोगशाळा होती. त्र्याण्णव सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. आम्ही तिघंच होतो: उपाध्येसाहेब, मी आणि सुनंदा दानोळे. आसपासचे कारखाने आपली मोजण्याची यंत्रं वर्षातून एकदा आमच्याकडे पाठवत. यंत्र खरं सांगतंय का हे आम्ही तपासायचं, सांगत नसेल तर ताळ्यावर आणायचं आणि तसा दाखला द्यायचा. ह्याला कॅलिब्रेशन म्हणतात. मला हे काम मानवलं होतं, कारण दिवसभर कुणाशी फारसं बोलावं लागत नसे आणि डबा खाताना दहा पानं वाचून होत.

खोक्यात होता तो डेटा लॉगर. बारा ठिकाणी तापमापक तारा लावायच्या, लॉगरनं त्या बारा जागांचं तापमान वाचायचं आणि दर पाच मिनिटांनी कागदाच्या पट्टीवर छापायचं. रात्रंदिवस. कुणी बघत असो वा नसो.

“तीन नंबर बघा,” नलवडे मला म्हणाले. “तीन नंबरची तार पाश्चरायझरवर आहे. दूध बहात्तर अंशाला जायलाच हवं. ह्याच्या पाळीत तीन आठवडे पट्टीवर सत्तर पॉइंट तीन छापून येतंय. इतर दोन पाळ्यांत बहात्तर. गेल्या पंधरवड्यात मुंबईला गेलेला अख्खा टँकर नासून परत आला. तो ह्याच्याच पाळीतला.”

“ते दोघं पट्टी बघून वाफ वाढवायचे,” तातोबा म्हणाला. “मी काच बघून चालवत हुतो. जुनी पाऱ्याची काच हाय आमच्याकडं, यंत्राच्या आधीची. तिच्यावर बहात्तर म्हणजे बहात्तर.”

“काच माणूस वाचतो, तातोबा. माणसाला पाहिजे ते दिसतं. यंत्र कुणाच्या पाव्हण्यातलं नसतं.” मग माझ्याकडं वळून नलवडे म्हणाले, “सोमवारी चौकशी समिती बसतीय. दाखला आजच लागेल. मी मिरजेला जाऊन येतो, मुलीच्या तंबोऱ्याच्या तारा बदलायच्यात. चारला येतो.”

“यंत्र बरोबर निघालं तर?” मी विचारलं.

“तर हा घरी.”

तातोबा पायांतल्या चपलांकडं बघत होता. चाळिशी ओलांडलेला, गळ्याचं बटण लावलेला, आणि काखेत पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी घट्ट धरलेला. साहेबांनी त्याला काचेच्या भिंतीबाहेर एक स्टूल दिलं. आतली हवा यंत्रानं थंड ठेवलेली असे, म्हणून आमची खोली काचेनं वेगळी केली होती.

मला कुणी बघत असलं की माझे हात माझे राहत नाहीत. शाळेत फळ्यावर गणित सोडवताना जे व्हायचं तेच मग आयुष्यभर होत राहिलं. म्हणून मी त्याच्याकडं पाठ करून बसलो. पण समोरच्या कपाटाच्या काचेत त्याची सावली दिसत होती.

आमच्याकडं पाण्याची एक खोल टाकी होती. तिच्यातलं पाणी हव्या त्या तापमानावर तासन्‌तास धरून ठेवता येई. पाण्यात एक प्रमाण तापमापक उभा असे, दिल्लीहून तपासून आलेला, मखमलीच्या पेटीत राहणारा. त्याच्या शेजारी गिऱ्हाइकाच्या यंत्राची तार बुडवायची आणि दोघांचे आकडे ताडून बघायचे. आकडे एका छापील तक्त्यावर लिहायचे. तक्त्याला दोन रकाने. पहिल्याचं नाव ‘आल्या स्थितीत’, दुसऱ्याचं ‘सोडताना’. आधी यंत्र जसं आलंय तसं काय दाखवतंय ते पहिल्यात लिहायचं. मगच त्याच्या आतला स्क्रू फिरवून ते सुधारायचं, आणि सुधारलेला आकडा दुसऱ्यात. आमच्या धंद्यातला हा पहिला नियम. गंमत अशी की पहिला रकाना कुणी वाचत नसे. गिऱ्हाइकाला हवा असे दुसरा.

पाणी बहात्तरवर आलं. मी तीन नंबरची तार बुडवली. लॉगरवर लाल आकडे उमटले: ६९.८.

माझ्या मनात जो विचार आला तो नेहमीचाच होता. आपलं काहीतरी चुकलं. तार पुरेशी खोल गेली नसणार. मी ती आणखी बोटभर खाली सोडली. आकडा चढला. सत्तर. सत्तर पॉइंट दोन, तीन. तिथं थांबला. तरी मला वाटलं, तारेचं टोक सैल असेल, किंवा टाकीच्या कडेला लागलं असेल. नीट आकडा येऊ दे, मग लिहू. टोक पुसलं, परत आवळलं. प्रमाण तापमापक पुन्हा वाचला. बहात्तरच. काचेतली सावली पुढं झुकली होती.

त्यानंतरच्या क्षणी मी काय विचार केला हे आठवायचा मी पुष्कळदा प्रयत्न केलाय. मला वाटतं, काहीच केला नाही. हात सवयीनं स्क्रूड्रायव्हरकडं गेला. तीन नंबरचा स्क्रू बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याच्यावर वांगी रंगाचा वाळलेला थेंब होता. तो तडकला, स्क्रू फिरला, आणि लाल आकडे बहात्तरवर येऊन उभे राहिले. दोन आकडे एक झाले की माझ्या छातीतलं काहीतरी सैल होत असे. तसं झालं. मी पेन उचललं आणि ७२.० लिहिलं.

मग एक नंबर, दोन नंबर, चार, पाच, असं बारापर्यंत. ती सगळी ठीक होती.

एक वाजता मी डबा घेऊन बाहेरच्या सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बसलो. तातोबाही तिथंच आला. त्याच्याकडं भाकरी आणि खर्डा होता. खर्ड्याचा गोळा त्यानं न विचारता माझ्या डब्याच्या झाकणात ठेवला.

“कसलं पुस्तक?”

“प्रवासाचं आहे. उत्तर ध्रुवाकडच्या.”

“तितं काय असंल तापमान?”

“उणे चाळीस वगैरे.”

त्यानं जरा विचार केला. “तितं दूध नासायची भीती न्हाई मग.”

मी हसलो. त्यानं भाकरी संपवली, हात धुऊन आला, आणि उभ्या उभ्याच म्हणाला, “साहेब, एक इचारू? राग मानायचा न्हाई.”

“विचारा.”

“तीन नंबरला तुम्ही आधी डायवर लावलासा. बाकीच्यांना आधी लिवलासा. तीनाला डायवर लावला, मग लिवलासा.”

“लिहिलं असेल,” मी म्हणालो.

“असंल. मी काचंतनं बघत हुतो. माझी बी चूक होत असंल.”

दिवसातून दहा वेळा मी हे वाक्य म्हणत असे. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकलं आणि मी डबा बंद केला.

आत जाऊन तक्ता बघितला. तीन नंबरच्या ओळीत दुसऱ्या रकान्यात ७२.०. पहिला कोरा.

मी परत बाहेर आलो. दहा पावलांचं अंतर असेल. “नाही लिहिलं,” मी म्हणालो.

एका सायकलची घंटी त्यानं बोटानं पुसली.

“किती दावत हुतं?”

“सत्तरच्या पुढं.”

“सत्तर पॉइंट तीन?”

“असेल. पण तार नीट बुडली होती का, टोक आवळलेलं होतं का, मला आता खात्रीनं नाही सांगता येत. आठवणीतून लिहिता येत नाही, मगदूम.”

“व्हय,” तो म्हणाला. “आमच्या रजिस्टरला बी एकच खाना हाय. यंत्राचा. काचंवर काय हुतं ते लिवायला जागाच न्हाई. मी आधीच्या चौकशीत म्हणलं, मला आठवतंय, बहात्तर हुतं. ते म्हणले, आठवणीवर कुठं संघ चालतोय का.” मग जरा थांबून तो म्हणाला, “आता यंत्र खरं हुतं का खोटं, ते कुणालाच कळायचं न्हाई. व्हय ना?”

यंत्र आता बहात्तरला बहात्तर दाखवत होतं. जगात दुसरा पुरावा नव्हता आणि होता तो मी स्क्रूड्रायव्हरनं पुसून टाकला होता.

उपाध्येसाहेब टेबलापाशी हिशेबाचं नव्हे, शब्दकोड्याचं पान उघडून बसले होते. दुपारी पंधरा मिनिटं ते कोडं सोडवत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“मग काय लिहिणार आहात?”

“तेच विचारायला आलो.”

“लिहा, ‘आल्या स्थितीत: मर्यादेत.’ ”

“पण ते मर्यादेत नव्हतं. मला वाटतं नव्हतं.”

“वाटतं.” ते उठले, कपाटातून गेल्या वर्षीची फाईल काढली आणि माझ्यासमोर उघडली. हाच लॉगर. दाखल्याखाली सही माझी. “बारा महिन्यांपूर्वी तुम्ही हे बरोबर करून दिलंय. अकरा तारा जिथल्या तिथं आहेत आणि एकटी तिसरी पावणेदोन अंश घसरली? लोक काय म्हणतील? म्हणतील, गेल्या वर्षीच ह्यांनी ती चुकीची लावून दिली.”

“तसंही असेल.”

“जठार, हे वाक्य ह्या दाराबाहेर नेऊ नका.” ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. “दाखला म्हणजे आपला शब्द. आपण विकतो काय? शब्दच ना? त्याच्यावर एकदा डाग पडला की ही टाकी, तो तापमापक, सगळं भंगारात. तुम्ही, मी, सुनंदा.”

मी फाईलमधला जुना तक्ता बघत होतो. तीन नंबरची ओळ. पहिल्या रकान्यात आकडा नव्हता. माझ्या अक्षरात फक्त ‘ठीक’ लिहिलेलं होतं. गेल्या वर्षीही बहुधा मला असाच काहीतरी न पटणारा आकडा दिसला असेल आणि मी तो स्वतःच्या नावावर घालून पुढं गेलो असेन. की खरंच ठीक होतं? मला आठवेना. आजही आठवत नाही.

मी टाकीपाशी येऊन बसलो. सुनंदा पलीकडं एका दाबमापकाला डाग देत होती. ती पंचवीस-सव्वीसची होती आणि मला कधी घाबरत नसे.

“सर, चेहरा असा का? पुन्हा कुलूप लावलं का नाही ते बघायला घरी जायचंय?”

मी तिला सांगितलं. तिनं सोल्डरिंगचं पेन स्टँडमध्ये ठेवलं आणि लॉगरमध्ये वाकून बघितलं.

“हा माझा वांगी आहे ना?”

हे सांगायला हवं. कॅलिब्रेशन झालं की स्क्रूवर रंगाचा एक थेंब टाकायची पद्धत असते, अर्धा स्क्रूच्या डोक्यावर आणि अर्धा बाजूच्या पट्टीवर. कुणी स्क्रूला हात लावला तर थेंब तडकतो आणि आपल्याला कळतं. आमच्याकडं त्यासाठी सुनंदाचं नेलपॉलिश असे. दर वर्षी ती वेगळा रंग आणी, म्हणजे नुसतं बघून साल ओळखता यावं. गेल्या वर्षीचा वांगी रंग तिच्या बहिणीच्या लग्नातला उरलेला होता.

“म्हणजे सकाळी तुम्ही फोडेपर्यंत हा थेंब अख्खा होता,” ती म्हणाली.

“हो. मला तडकलेला जाणवला.”

“म्हणजे वर्षभर कुणी हात लावला नव्हता.”

“हो.”

“मग फिरवा ना परत. थेंब जुळेपर्यंत.”

मी मान वर करेपर्यंत ती भिंग आणायला गेली होती.

भिंगातून बघितलं तर थेंब मधोमध फाटला होता. फाटलेली कड सरळ नव्हती. एका बाजूला बारीक दात होता आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच खाच. तो दात खाचेत परत बसवला की स्क्रू सकाळी जिथं होता तिथं येणार होता. हे इतकं साधं होतं की मला लगेच शंका आली.

“मगदूमना आत बोलवा,” मी म्हणालो.

“साहेबांनी सांगितलंय...”

“बोलवा.”

तो चपला काढून आत आला. थंडाव्यानं त्यानं खांदे आवळले. मी त्याला सगळं समजावलं. तीन नंबरची तार टाकीत होतीच. मी ती सुनंदाकडून पुन्हा तपासून घेतली, किती बोटं बुडलीय तेसुद्धा.

“आता लॉगरच्या आकड्यावर कागद लावा,” मी सुनंदाला म्हणालो.

“का?”

“मला आकडा दिसला तर माझा हात त्याच्यामागं जाईल. मला सत्तर पॉइंट तीन हवंय. ते मला हवंय हे मला माहीत आहे.”

तिनं कागद चिकटवला. मी भिंगात डोळा घातला आणि स्क्रू केसाकेसानं मागं आणला. वांगी रंगाचे दोन तुकडे एकमेकांकडं सरकत होते. दात खाचेपाशी आला, पुढं गेला, परत आणला, बसला.

“जुळलं असं वाटतंय. तुम्ही बघा.”

सुनंदानं बघितलं. “जुळलं.”

“मगदूम, तुम्ही?”

तो आधीच भिंतीकडं तोंड करून उभा होता. “मी न्हाई बघत. मी बघितलं तर जुळंलच ते.”

दहा मिनिटं थांबून सुनंदानं कागद काढला. ७०.३.

मी स्क्रू पुन्हा हलवला, कागद लावला, पुन्हा जुळवलं. ७०.४. तिसऱ्यांदा सुनंदानं जुळवलं. ७०.२. प्रत्येक वेळी आकडा आधी लिहिला, मग स्क्रूला हात लावला. तातोबा शेवटपर्यंत भिंतीकडंच तोंड करून होता. तिथं आगीच्या वेळी काय करावं ह्याची सूचना लावलेली होती. ती त्याला पाठ झाली असेल.

“सत्तर पॉइंट तीनच्या आसपास,” मी म्हणालो. “पाणी बहात्तर आहे.”

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर काही फार दिसलं नाही. त्यानं काखेतला पंचा उलगडला. आत पितळेच्या नळीतली काचेची जुनी तापमापक कांडी होती.

“ही बुडवून बघता?”

यादीत नसलेली वस्तू टाकीत घालायची नाही असा नियम होता. मी बुडवली. पारा चढत चढत बहात्तरच्या रेघेला येऊन थांबला. तातोबा खाली वाकून बराच वेळ बघत होता. मग त्यानं ती बाहेर काढली आणि रेडकू पुसावं तशी पंच्यानं पुसली. हे मला कुठं लिहिता येणार नव्हतं. त्यानंही लिहायला सांगितलं नाही.

मी स्क्रू पुन्हा बरोबर जागी आणला, सुनंदानं त्या वर्षीचा लाल थेंब टाकला, आणि मी दाखला लिहायला बसलो. पहिल्या रकान्यात लिहिलं: ७०.३, एक दशांश इकडं-तिकडं. त्याखाली टीप: ‘आल्या स्थितीतील नोंद घेण्याआधी माझ्याकडून स्क्रू फिरवला गेला. चूक माझी. गेल्या वर्षीच्या रंगाची खूण जुळवून स्क्रू मूळ जागी आणला व वरील आकडा तीन वेळा घेतला. गेल्या वर्षी ह्या यंत्राचे कॅलिब्रेशन मीच केले होते. त्या वेळी पहिल्या रकान्यात मी आकडा लिहिलेला नाही.’

दाखल्याला दोन सह्या लागत. माझी आणि साहेबांची.

साहेबांनी तो दोनदा वाचला. पेनचं टोपण काढलं, घातलं, काढलं.

“असा दाखला कुणी देतं का?”

“मला माहीत नाही.”

“ ‘चूक माझी’ काढा. ‘अनवधानाने’ लिहा.”

“कुणाच्या अनवधानानं, असं विचारतील.”

“आणि हे गेल्या वर्षीचं? हे कुणी विचारलं होतं का तुम्हाला?”

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. तातोबा पुन्हा स्टुलावर जाऊन बसला होता, मांडीवर पंचा.

“थेंब जुळवताना आकडा तुमच्यासमोर होता?”

“नाही. कागद लावला होता.”

“कुणी सुचवलं?”

“मीच.”

त्यांनी सही केली. सही करून झाल्यावर, शाई वाळेपर्यंत दाखला हातातच धरून, ते म्हणाले, “सोमवारपासून टाकीवर सुनंदा बसेल. तुम्ही आवक-जावक आणि फायली बघा.”

“बरं,” मी म्हणालो. मला ते बरोबरच वाटलं.

नलवडे साडेचारला आले. जीपच्या मागच्या सीटवर गवसणी घातलेला तंबोरा आडवा होता. दाखला त्यांनी उभ्यानं वाचला, मग बसून वाचला.

“हे काय आहे? म्हणजे चूक नक्की कुणाची? तुमची, यंत्राची, का ह्याची?”

उपाध्येसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. सुनंदानंही. तातोबा कुणाकडंच बघत नव्हता. माझ्या तोंडात ‘बहुधा’ आलं होतं. तो शब्द माझ्या तोंडात कायम असे, सुपारीसारखा.

“माझी की यंत्राची, हे मला सांगता येणार नाही,” मी म्हणालो. “ह्यांची नाही.”

“समितीसमोर सांगाल?”

“सांगेन.”

माझा आवाज मला ओळखू आला नाही. नलवडेंनी दाखल्याची घडी घातली आणि खिशात ठेवली. खोकं उचलायला तातोबा पुढं झाला. जीपमध्ये तंबोऱ्यामुळं जागा नव्हती. नलवडे क्षणभर घुटमळले, मग म्हणाले, “पुढं बस. तंबोरा मांडीवर घ्यावा लागंल.”

“घेतो की,” तातोबा म्हणाला.

समितीनं मला बोलावलं नाही. पुढं काय झालं ते कळवायची संघाला गरज नव्हती, आणि फोन करून विचारायचं धाडस मला झालं नाही. दोन-तीनदा फोनपर्यंत गेलो होतो. दाखल्यातली ‘चूक माझी’ वाचून समितीनं तो बाजूला टाकला असेल, असं मला वाटे. ज्याला स्वतःचा नियम पाळता येत नाही त्याच्या आकड्यावर कोण विसंबेल? वर्षभर मी आवक-जावक लिहिली. काम कमी झालं नाही आणि लॅब बंद पडली नाही, एवढंच मला समोर दिसत होतं.

पुढल्या जानेवारीत एका सकाळी तेच लोखंडी खोकं आलं. संघाचा दुसराच कुणी ड्रायव्हर ते ठेवून, पोच घेऊन निघून गेला. खोकी उघडणं आता माझं काम होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं एक घडी लावलेली होती. रजिस्टरमधून फाडलेला कागद, पेन्सिलीतली मोठी मोठी अक्षरं:

‘तीन नंबर. यंत्र ७१.९. काच ७२.०. आधी लिहिलं, मग बंद केलं. ता. भा. मगदूम, पाश्चरायझर, पहिली पाळी.’

मी तो कागद दोनदा वाचला. मग सुनंदाला दिला. तिनं वाचला आणि टाकीचं पाणी तापत ठेवलं.

दर जानेवारीत खोकं येई आणि झाकणात चिठ्ठी असे. मी ती तक्त्याला टाचून ठेवत असे. सात वर्षं अक्षर तेच होतं. आठव्या वर्षी बदललं: बारीक, निळ्या शाईतलं, कुण्या अशोक कांबळेचं. आकडे त्यानं ठळक काढले होते. काचेचाही लिहिला होता. त्याखाली तेच: आधी लिहिलं, मग बंद केलं.